वासराचा महिना

आमच्या माणदेशात गाभण गाईच्या मालकाला माणसं विचारतात, "कवा यायची?" पुस्तकात गाय विते, आमच्याकडे ती येते. व्याली म्हणायचं तर इथं ‘याली’ म्हणतात. आमच्या थोरल्या वहिनी मुंबईहून लग्न होऊन आल्या, तेव्हा पहिले काही दिवस त्यांना वाटायचं की गाय कुठंतरी चरायला गेलीय आणि सगळी तिची वाट बघतायत.

पूर्वी या प्रश्नाचं उत्तर सणावर असायचं. "नवरात्राच्या पुढं." "दिवाळीच्या आसपास." "पाडव्याला येईल बघा." आता पोरं खिशातून मोबाइल काढतात आणि तारीख सांगतात. ज्या दिवशी कांडी भरली तो दिवस त्यात नोंदलेला असतो. गाईला नऊ महिने नऊ दिवस, म्हशीला दहा महिने दहा दिवस, हा जुनाच आडाखा. तो धरून मोजलं की चार-आठ दिवसांच्या फरकानं वासरू पडतं.

मला या तारखेचं नवल वाटत नाही, पण तिच्यामुळं एक गोष्ट डोक्यातून जात नाही. वळू गावात मोकळा फिरत होता, तोवर भर वैशाखात वासरू पडलं तर माणूस म्हणू शकायचा की देवाची करणी. आता गाय कधी फळवायची हे आपण ठरवतो, म्हणजे वासराचा जन्माचा महिना आपण ठरवतो. मग त्या महिन्यात त्याचे जे हाल होतील ते कुणाच्या खात्यावर मांडायचे?

आमचे आबा कांडी येण्याआधीच्या काळातले. त्यांच्या दावणीला खिलार गाय होती. गावचा वळू देवाला सोडलेला, कुणाच्याही रानात शिरायचा, त्याला कुणी मारत नसे. पाऊस झाला, डोंगरावर गवत आलं, गाईच्या अंगावर मांस चढलं की ती भाद्रपद-अश्विनात माजावर यायची. तेव्हा फळली तर वासरू ज्येष्ठ-आषाढात पडायचं. गावातल्या पुष्कळ गाईंचं असंच व्हायचं. आबा मात्र गाय राखायचे. तीन-तीन, चार-चार महिने तिला कळपात सोडायचे नाहीत, दाव्यावरच वैरण आणून टाकायचे. माणसं हसायची. म्हणायची, म्हाताऱ्यानं गाईला सोवळं नेसवलंय. पौष सरला, माघ लागला की मग आबा तिला वळूकडं घेऊन जायचे. वासरू कार्तिकात पडायचं.

त्यांचं म्हणणं सरळ होतं. "आषाढातलं वासरू चिखलात हुबं ऱ्हातं, चैतातलं उन्हात हुबं ऱ्हातं. कार्तिकातल्याला कोरडी जागा असती."

नंतर जनावरांच्या डॉक्टरांच्या तोंडून मी जे ऐकलं ते याहून फार वेगळं नाही. पावसाळ्यात गोठ्याची जमीन वाळत नाही. ओल्या जमिनीत वासराची नाळ कुजते, बेंबीतून जंतू आत शिरतो आणि पुढं सांधे सुजतात. हगवण लागते. माश्या, गोचीड यांचा तोच हंगाम, आणि गोचिडाचा ताप संकरित वासराला फार लवकर झोपवतो. उन्हाळ्यात रोग कमी, पण आमच्याकडे पारा चाळिशीवर जातो आणि पत्र्याखालचा गोठा भट्टी होतो. म्हशीच्या रेडकाचं तर काळं कातडं, घाम येणाऱ्या ग्रंथी थोड्या. ते तोंड उघडून धापा टाकत पडून राहतं. आईच्या पुढ्यात वाळला कडबा आणि डोहनभर गढूळ पाणी. तिला दूध कुठून फुटणार?

आबांच्या हिशेबातली एक गोष्ट मला फार उशिरा कळली. वासराची पोटातली खरी वाढ शेवटच्या दोन-तीन महिन्यांत होते. म्हणून तर विण्याआधी दोन महिने गाय आटवावी म्हणतात. कार्तिकात पडायचं वासरू श्रावण-भाद्रपदाचं गवत पोटात असतानाच खाऊन येतं. ते बाहेर पडतं तेव्हा आईच्या अंगात दूध धरण्याइतकी ताकद असते, बांधावर हिरवं असतं आणि परतीच्या पावसाचं पाणी अजून ओढ्याला वाहत असतं. आमच्या भागात पाऊस मुळात कमी, आणि आहे तोही बराचसा सप्टेंबरात पडणारा. त्यामुळं हा हिशेब माणदेशाचा आहे. कोकणात किंवा मावळात तो तसाच्या तसा लावू नये. पौषातली थंडी सोसायला वासरू तोवर दोन महिन्यांचं होतं, अंगावर गोणपाट टाकलं की भागतं.

आता याच्या उलट हिशेब आहे, आणि तोही खोटा नाही. दुधाचा दर. हिवाळ्यात दूध भरपूर येतं म्हणून दर पडतो, उन्हाळ्यात दूध आटतं म्हणून चढतो. ज्याला चार पैसे जास्त हवेत त्याची जनावरं माघ-फाल्गुनात यायला हवीत, म्हणजे ऐन उन्हाळ्यात ती भर दुधावर असतील. डेअरीवर कॅन घेऊन उभ्या असलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. त्याच्या डोक्यावर सोसायटीचं कर्ज आहे, पोराची फी आहे, बायकोच्या दुखण्याचा खर्च आहे. त्यानं उन्हाळ्याचा दर धरला तर त्याला निर्दय म्हणायला मी तयार नाही. पण हिशेब करताना वासराचा विचार एकदाही येऊ नये, हे मला खटकतं. दराचा महिना बघितला, चाऱ्याचा बघितला, लग्नसराईचा बघितला. ज्याला त्या महिन्यात चार पायांवर उभं राहायचंय त्याचा कुणी बघितला नाही.

२०१८-१९ च्या दुष्काळात आमच्याकडे चारा छावण्या लागल्या. मी तेव्हा शाळेतून निवृत्त झालो होतो, घरची तीन जनावरं घेऊन काही महिने छावणीतच होतो. छावणीत वर्गवारी असायची, मोठं जनावर आणि लहान जनावर. लहानाला मोठ्याच्या निम्मा चारा. कागदावर हे बरोबर आहे. पण छावणीतच पडलेल्या वासराला निम्मा चारा म्हणजे काय? पहिले काही आठवडे त्याच्या पोटाचा मोठा कप्पा चालूच झालेला नसतो, ते रवंथ करत नाही, त्याचं सगळं अन्न म्हणजे आईचं दूध. आणि आई ऊस खात होती. छावणीत ऊस यायचा, त्याचं पोट भरतं पण दूध बेताचं येतं. शेजारच्या झापाखाली एका मावशींची जर्शी चैत्रात याली. मावशी सकाळी चार लिटर काढायच्या, तीन लिटर घालायच्या, एक लिटर वासराला बाटलीनं पाजायच्या. डेअरीचा माणूस म्हणायचा, मावशी, सगळं घाला की, त्यात काय ठेवलंय? मावशी म्हणायच्या, "त्यानं मला सांगितलं न्हवतं, मला आन म्हणून."

माणदेशातल्या छावणीत उभं राहून एवढं नेमकं बोललेलं मी दुसऱ्या कुणाकडून ऐकलं नाही. मावशींनी पावसाळा-उन्हाळा बघून कांडी भरली नव्हती. माज आला, भरली. पण वासरू आलं ते आपल्या सांगण्यावरून आलं, एवढं त्यांनी धरून ठेवलं होतं.

खिलारच्या काळात असं कुणी कुणाला समजावत नसे. खिलार गाय दूध देते किती? वासराला पुरून घरच्या चहाला उरलं तर उरलं. तिचं दूध विकायचा विषयच नव्हता. गाय ठेवायची ती खोंडासाठी. चांगला खोंड निघाला तर खरसुंडीच्या पौषी यात्रेत त्याला बघायला माणसं गोल करून उभी राहायची, त्याच्यावर वर्षाचा खर्च भागायचा. म्हणजे पीक होतं ते वासरू, आणि दूध हे त्या पिकाचं खत. तेव्हाची माणसं फार दयाळू होती असं मला म्हणायचं नाही. त्याच काळात कालवड जन्मली की तोंड वाकडं करणारे होते, आणि म्हशीच्या रेडकाला कुणी विचारत नव्हतं. पण चारही सड खोंडाला सोडण्यात नफा होता, म्हणून चारही सड सोडले जात होते. पुढं संकरित गाय आली, दूध रोज विकलं जाऊ लागलं, शेतात ट्रॅक्टर आला. दूध हे पीक झालं आणि वासरू त्याच्या वाटेत आलं. जनावर तेच. एका पिढीत खोंडाचा ‘गोऱ्हा’ झाला, आणि गोऱ्हा म्हणताना लोकांच्या आवाजात कंटाळा आला. जीव लावणं आणि फायदा जिथं एकाच दावणीला होते, तिथं माणसाची परीक्षा झाली नव्हती. ती आता होतेय.

वासरू पडल्यानंतरच्या पहिल्या तासाबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण सगळी दया तिथं कामाला येते आणि तिला पैसे पडत नाहीत.

आमची आजी गाय यायला झाली की रात्री गोठ्यात घोंगडं टाकून बसायची. शेपटीच्या मुळाशी दोन्हीकडं खड्डे पडले, कास तटतटली, सडांवर मेणासारखं चकाकलं की ती हलायची नाही. पाण्याची पिशवी फुटल्यावर दोन पाय आणि त्यावर टेकलेलं नाक दिसलं की ती गाईला हात लावायची नाही. ओढाओढ करणाऱ्या बापय माणसांना हाकलून द्यायची. वासरू खाली आलं की नाकातोंडातला चिकटा बोटानं काढायची, श्वास घेईना तर नाकात गवताची काडी घालायची, म्हणजे ते शिंकतं आणि दम घेतं. मग ते आईपुढं ओढायची. आईनं चाटणं ही माया तर आहेच, पण त्या खरखरीत जिभेनं वासराचं रक्त फिरतं आणि अंग वाळतं. नाळ दोन-तीन बोटं ठेवून दोऱ्यानं बांधायची, स्वच्छ पात्यानं तोडायची, आणि तेव्हा हळद लावायची. आता टिंक्चर आयोडीन मिळतं, तेच लावावं.

आणि आजीची एक रीत गावाच्या उलट होती. गावात समजूत अशी, की वार पडल्याशिवाय वासराला पाजायचं नाही, पाजलं तर वार अडकते. म्हणून वासरू तासन्‌तास तोंड हलवत उभं, आणि माणसं वार पडायची वाट बघत उभी. आजी म्हणायची, "त्येला काय ठावं वार म्हंजी काय? त्येला भूक ठावी." ती लगेच पाजायची. बरोबर तीच होती. वासरू आचळाला लागलं की उलट वार सुटायला मदतच होते. शिवाय माणसाच्या लेकराला रोगाशी झगडायची थोडी शिदोरी आईच्या पोटातच मिळते, वासराला ती मिळत नाही. गाईची वार ती पुढं जाऊ देत नाही. वासराची सगळी शिदोरी चिकात असते, आणि चिकातली ती शक्ती आतड्यातून रक्तात शिरते ती पहिल्या काही तासांतच. तासागणिक ते दार मिटत जातं, एका दिवसात पुरतं बंद होतं. नंतर बादलीभर चीक पाजला तरी त्याचं फक्त दूध होतं. वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतका चीक पहिल्या दिवसात पोटात गेला पाहिजे. पंचवीस किलोचं वासरू असेल तर अडीच लिटर, आणि त्यातला निम्मा तरी पहिल्या दोन-तीन तासांत.

इथं खरवसाचा प्रश्न येतो. हे वाचणाऱ्यांत खरवस आवडत नाही असं कुणी निघणार नाही, मलाही आवडतो. वेलदोडा आणि गूळ घातलेली ती थरथरणारी वडी बघून कुणाचं मन डळमळत नाही? गाय याली की शेजारी-पाजारी तांब्या घेऊन येतात, नाही दिला तर दृष्ट लागते म्हणतात. संकरित गाईला पहिल्या दिवशी सहा-सात लिटर चीक निघतो, त्यात वासराचं भागून खरवसाला उरतो. खिलारीला जेमतेम वासरापुरता. मग नियम काय? आजीचा नियम होता की पहिली धार घरात यायची नाही. वासरू पोट भरून बसलं, त्याची काळी चिकट पहिली शी पडली, की मग दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच्या चिकाचा खरवस. तो थोडा पातळ होतो, वडी तितकी घट्ट पडत नाही. आम्ही लहानपणी तोच खाल्ला आणि खरवस असाच असतो असं समजत होतो. शहरात आता बारा महिने खरवस विकत मिळतो. विकत घेणाऱ्यानं आणू नये असं मी म्हणत नाही, पण तो कितव्या धारेचा आहे हे तिथल्या पाटीवर मला कधी दिसलेलं नाही.

पुढचे तीन महिने म्हणजे सडांची वाटणी. कुणी दोन सड वासराला ठेवतं, कुणी एक, कुणी फक्त पान्हवण्यापुरतं तोंड लावू देतं आणि ओढून खुंट्याला बांधतं. म्हशीचं रेडकू दिवसाला तीन लिटर प्यायलं तर तीन महिन्यांत पावणेतीनशे लिटरच्या आसपास दूध जातं. लिटरला पन्नास रुपये धरले तरी तेरा-चौदा हजार झाले. रेडी असेल तर ते तिच्या अंगात साठतात, तीन-चार वर्षांनी तीच म्हैस होऊन परत देते. रेडकू नर असेल तर परत येत नाहीत. म्हणून नराला तोडलं जातं. त्याला कुणी मारत नाही, हे लक्षात घ्या. फक्त पाजत नाही. ते खपाटीला जातं, माती चाटतं, पोटात जंत होतात. दुधातूनच आलेले ते जंत असतात, दहा-पंधरा दिवसांचं असताना औषध दिलं तर मरतात. पण त्याच्यासाठी औषध कोण आणणार? एक दिवस ते उठत नाही. विचारलं तर उत्तर येतं, "रेडकू मेलं." जणू ते त्याचं त्यानं केलं.

आणि मग म्हैस पान्हवेना. मग मेलेल्या रेडकाच्या कातड्यात पेंढा भरून ते तिच्यापुढं ठेवायचं. ती ते चाटते. मी हे पाहिलं आहे. लहान होतो, आणि त्यातलं कुठलं जनावर खोटं आहे हे मला कळायला वेळ लागला. आता पेंढ्याचीही गरज उरली नाही, इंजेक्शन मिळतं. दूध सुटावं म्हणून असं इंजेक्शन देणं हा १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे, फुंका या अघोरी प्रकाराच्याच कलमात तो बसवलाय. आमच्या बाजारात ते औषध कसं मिळतं ते सगळ्यांना माहीत आहे.

गांधीजींनी गवळ्यांकडून जनावरांचे होणारे असले हाल वाचून १९१२ मध्ये टॉलस्टॉय फार्मवर असताना दूधच सोडलं. पुढं मोठ्या दुखण्यात कस्तुरबांच्या सांगण्यावरून शेळीचं दूध घेतलं, आणि त्याची टोचणी त्यांना राहिली. तो एक मार्ग आहे. आमच्यासारख्या कोरडवाहू माणसांना तो परवडत नाही, आमची रोजची मिठमिरची दुधावर चालते. आणि मला तो पुरताही वाटत नाही. माझ्या सोडण्यानं शेजारच्या गोठ्यातल्या रेडकाच्या तोंडात एक थेंब जास्त जात नाही. त्यापेक्षा मला वसुबारस जवळची वाटते. अश्विन वद्य द्वादशीला आमच्या घरात दूध-तूप चालत नाही. बाजरीची भाकरी आणि गवारीची शेंग. संध्याकाळी गाईची पूजा करतात ती वासरासकट, एकटीची करत नाहीत. त्या दिवशीचं दूध वासराचं, असं आजी सांगायची आणि सकाळीच दावं सोडून द्यायची. ते वासरू ढुशा देऊन देऊन प्यायचं, शेपटी वर करून अंगणभर पळायचं, पुन्हा येऊन लागायचं. वर्षात एक दिवस. आजी म्हणायची, त्यानं आपल्याला ३६४ दिवस दिले.

नर वासराचा प्रश्न मात्र वसुबारशेनं सुटत नाही. २०१५ साली महाराष्ट्रात बैल आणि वळू कापायलाही बंदी आली, गाईची आधीपासून होती. कायदा चांगला की वाईट यावर पारावर पुष्कळ भांडणं झाली, ती इथं नकोत. गोठ्यात काय झालं ते सांगतो. जर्शीचा गोऱ्हा औताला चालत नाही, त्याला वशिंड नसतं आणि ऊन सोसत नाही. तो विकला जात नाही. मग तो रात्री दुसऱ्या गावाच्या शिवारात सोडला जातो, किंवा वर सांगितलं तसं त्याला पाजलं जात नाही. म्हशींना ती बंदी लागू नाही, पण रेडकू विकण्याइतकं मोठं होईपर्यंत पाजायला धीर लागतो. दुसऱ्या टोकाला न्यूझीलंड आहे. तिथं सगळा देश विण्याचा हंगाम ठरवून पाळतो, हिवाळा सरता सरता गाई येतात, वसंतातल्या गवताशी दूध जुळतं. इतका नेमका महिना आबांनाही जमला नसता. आणि तिथली नको असलेली लाखो वासरं जन्मून थोड्याच दिवसांत कत्तलखान्यात जातात. म्हणजे महिना बरोबर निवडला तरी तो वासरासाठी निवडलाय असं होत नाही.

आता नवी कांडी आलीय, तिच्यातून शंभरात नव्वद कालवडीच होतात. महाग आहे, पण तरुण पोरं घेतात, आणि मला ते पटतं. जो जन्मून उपाशी मरणार तो जन्मूच नये, यात मला कुणाचा अपराध दिसत नाही. फक्त गंमत बघा: माणसांत मुलगी नको म्हणून मशीन लावणाऱ्यांना आवरायला १९९४ साली कायदा करावा लागला, आणि त्याच घरांच्या गोठ्यात आता मुलगाच नको म्हणून कांडी आली. दोन्हीकडं हिशेब एकच आहे, जीव फक्त बदलला.

आबांचा कार्तिक सगळ्यांना लागू पडत नाही, हेही सांगितलं पाहिजे. आमच्या वाडीतली काही घरं दिवाळीच्या सुमारास ऊस तोडायला जातात. बैलगाडीबरोबर गाय-म्हैसही जाते. अशा घरात कार्तिकातलं वासरू म्हणजे आठ दिवसांचं असताना गाडीच्या साट्यात बांधलेलं वासरू, आणि पुढं फडाच्या कडेला उघड्यावरची थंडी. त्यांच्यासाठी श्रावण बरा, पाऊस असला तरी. निघेपर्यंत ते अडीच-तीन महिन्यांचं होतं, चालतं, आणि फडावर वाढं मिळतं. वासराच्या सोईचा महिना पंचांगात नसतो, तो त्या घराच्या वर्षात शोधावा लागतो.

आणि काहींना तर निवडच नसते. शेजारचा पुतण्या एकदा आषाढात आला. म्हणाला, "नाना, म्हस माजावर आलीया. भरू का?" म्हशी हिवाळ्याकडं उघड माज दाखवतात, एरवी मुका माज, कळतच नाही. म्हणून त्याला घाई. मी बोटांवर मोजलं. दहा महिने दहा दिवस, म्हणजे वैशाख. त्यालाही ते कळलं होतं, नाहीतर विचारायला आला नसता. थांबायचं तर निदान पौषापर्यंत थांबावं लागणार, म्हणजे पाच-सहा महिने भाकड म्हैस पोसायची. तिच्या दुधावर त्याच्या घराचा किराणा.

मी म्हणालो, "भर. पन वैशाखाची तयारी आत्तापास्नं कर."

त्यानं भरली. दिवाळीनंतर विहिरीच्या कडेला अर्धा गुंठा घास लावला. ज्वारी निघाल्यावर शंभर पेंढ्या कडबा वेगळा रचला आणि पोरांना सांगितलं, त्याला हात लावायचा नाही. गोठ्याच्या पत्र्यावर उसाचं पाचट टाकलं, आत लिंबाच्या सावलीची बाजू रेडकासाठी आखली, पाण्याला अर्धा रांजण पुरला. म्हैस वैशाखात ठरल्या दिवशी याली. नर झाला. मी बघायला गेलो तेव्हा तो रांजणाला टेकून बसला होता, नाकपुड्या कोरड्या नव्हत्या.

पुतण्या म्हणाला, "नाना, सोय तर केली. आता ह्येचं पुढं काय करायचं?"

मला उत्तर आलं नाही. तो तीन महिने पाजणार, एवढं त्यानं बायकोला सांगितलंय. बायको कुरकुरली, मग म्हणाली, उजवीकडचे दोन सड त्याचे, डावीकडचे आपले. सकाळी ती धार काढायला बसते तेव्हा तो पलीकडून लागलेला असतो. दोघांच्या मध्ये म्हैस रवंथ करत उभी असते.